वाळूतल्या घराची घासाघीस

आवडलेली वस्तू आवडली म्हणून सांगायची सुधाताई सबनिसांना सवय नव्हती. यात त्यांचा मूळ स्वभाव किती आणि लक्ष्मी रोडच्या कापडदुकानांत घालवलेली चाळीस वर्षं किती, हे सांगणं अवघड आहे. त्यांची पद्धत ठरलेली होती. दुकानात शिरायचं, हवी ती साडी एका नजरेत हेरायची आणि मग तिच्याकडे ढुंकूनही बघायचं नाही. आजूबाजूच्या दहा साड्या उलगडायला लावायच्या. शेवटी सहज हात लागल्यासारखं करून तीच साडी उचलायची आणि तिच्यात खोड काढायची. काठ अंगाबरोबर जात नाहीत, पदर आखूड वाटतो, रंग धुण्यात टिकेलसं दिसत नाही. तीन खोडी झाल्या की पिशवी उचलून उठायचं. पायरीपर्यंत पोचेपोचेस्तोवर मागून दुकानदाराची हाक येतेच. घरातल्या पाच लग्नांचे बस्ते त्यांनी असेच बांधले होते. सबनिसांकडे कुणाला काही मोठं घ्यायचं झालं की सुधाताईंना पुढे घालायचं, असा रिवाजच पडून गेला होता.

तर अशा ह्या सुधाताई मे महिन्यात मुलाकडे जर्मनीत वोल्फ्सबुर्गला आल्या. मुलगा शार्दूल तिथल्या मोटारींच्या कारखान्यात इंजिनिअर, सून क्षितिजा एका सॉफ्टवेअर कंपनीत, आणि पाच वर्षांची नात ओवी, जिला आजीचं मराठी सगळं कळायचं पण उत्तर जर्मनमध्येच सुचायचं. सुधाताईंचे यजमान यशवंतराव गुडघ्याची सबब सांगून पुण्यातच राहिले. त्यांचा संध्याकाळचा पत्त्यांचा अड्डा तीन महिने बुडाला असता, हे खरं कारण सगळ्यांना माहीत होतं.

आल्यावर दुसऱ्याच आठवड्यात घराचं प्रकरण निघालं. क्षितिजाने लॅपटॉप सासूबाईंपुढे ठेवला आणि म्हणाली, "आई, हे बघा. विकायला आहे."

सुधाताईंनी चष्मा वर-खाली केला. पांढऱ्या गिलाव्याच्या जाड भिंती, कमानींचा व्हरांडा, मधे उघडा चौक, चौकात छोटं कारंजं आणि वर नळीची लाल कौलं. सभोवती वाळू. झाडं होती, पण तीही पाइनची, वाळूत रोवल्यासारखी एकेकटी उभी.

"हे जर्मनीत आहे?" सुधाताईंनी विचारलं.

"गेनाऊ, अगदी इथेच, अर्ध्या तासावर," क्षितिजा म्हणाली आणि घराची कहाणी सांगू लागली. हाइनरिश लोहमान नावाचा एक माणूस तरुणपणी अमेरिकेत गेला. कॅलिफोर्नियाच्या वाळवंटात त्याने अकरा वर्षं विहिरी खोदल्या. तिथले लोक तेव्हा जुन्या स्पॅनिश धाटणीची घरं हौसेने बांधत होते. हाइनरिश परत आला तो त्या वाळवंटाची ओढ घेऊनच. गावाबाहेर वाळूचा एक माळ होता, त्यावर बटाटासुद्धा धड उगवत नसे, म्हणून तो स्वस्तात मिळाला. १९२८ साली त्याने तिथे तसंच घर बांधलं. गावाने आधी टिंगल केली, मग त्याला वाळवंटघर असं नाव पडलं, आणि आता सरकारने त्याच्या दारावर ऐतिहासिक वास्तूची पाटी ठोकली आहे. परवानगीशिवाय एक भिंतसुद्धा हलवता येत नाही. सध्या त्याची नात तिथे एकटी राहते. तिला घर झेपेनासं झालंय.

"पाडायचं नाही, बदलायचं नाही, आणि मेंटेनन्स आपण करायचा," शार्दूल सोफ्यावरून म्हणाला. "विचार करायला लागेल."

"नुसतं बघून तर येऊ," क्षितिजा म्हणाली. इतकंच. पण त्या आठवड्यात तिने ते फोटो निदान चार वेळा उघडले होते, आणि सुधाताईंचं अशा गोष्टींकडे बारीक लक्ष असे.

शनिवारी चौघं घर बघायला गेली. हाइनरिशची ती नात, फ्राउ लोहमान म्हणजे लोहमानबाई, फाटकातच उभ्या होत्या. वय एक्याऐंशी, पाठ ताठ, केस पोरीसारखे कापलेले. जन्मभर शाळेत इंग्रजी शिकवलेलं, त्यामुळे सुधाताईंशी त्या थेट इंग्रजीतच बोलल्या. दलाल वगैरे नव्हता, घर त्या स्वतःच विकत होत्या. पहिल्याच वाक्यात त्यांनी सांगून टाकलं की किंमत जाहिरातीत लिहिली आहे तीच आहे. कुठल्याही दुकानदाराचं पहिलं वाक्य हेच असतं, तेव्हा सुधाताईंनी ते मनावर घेतलं नाही.

आत पाऊल टाकलं आणि सुधाताईंना ते घर आवडलं. साधं नाही, फार आवडलं. भिंती इतक्या रुंद की प्रत्येक खिडकीला आपोआप बसायचा कट्टा झालेला. चौकात वारा शिरत नव्हता पण ऊन मात्र भरपूर पडलं होतं. त्या देशात आल्यापासून पहिल्यांदाच त्यांनी अंगावरचा स्वेटर काढला. पायाखालच्या लाल फरशा उन्हाने कोमट झाल्या होत्या. हे घर आपल्या पोरांना मिळालंच पाहिजे, असं त्यांच्या मनाने घेतलं, आणि मनाने घेतल्याबरोबर चेहरा नेहमीच्या सवयीने आंबट झाला.

"व्हेरी ओल्ड," त्या म्हणाल्या.

"या," फ्राउ लोहमान म्हणाल्या, म्हणजे जर्मनमध्ये हो. "शंभरीला आलंय."

मग स्वयंपाकघर झालं. "किचन, नो लाइट." भिंतीच्या एका कोपऱ्यावर त्यांनी नखाने टकटक केली. "प्लास्टर कमिंग आउट." चौकातून वर बघितलं. "रूफ टाइल्स, नोबडी मेक नाउ. ब्रेक म्हणजे फिनिश." तीन खोडींचा नियम त्या दिवशी त्यांनी मोडला, कारण घराची किंमत साडीपेक्षा बरीच जास्त होती. न्हाणीघर, दारांच्या कड्या, कारंज्यातलं शेवाळं, सगळ्यांचा त्यांनी समाचार घेतला. प्रत्येक वेळी म्हातारीने "या, हे खरं आहे" म्हणून मान हलवली. शार्दूल दोनदा खाकरला. त्यातही सुधाताईंना प्रोत्साहनच दिसलं.

ह्या सगळ्यात क्षितिजा कुठे होती? ती मागच्या खोलीत एका खिडकीच्या कट्ट्यावर बसली होती. बूट काढून, पाय वर घेऊन, भिंतीला डोकं टेकून. फोन पर्समध्ये होता. बाहेर ओवी वाळूत खड्डा खणत होती आणि ती नुसती तिच्याकडे बघत होती.

आता उठायची वेळ झाली. सुधाताईंनी पर्स खांद्याला लावली, "थँक्यू, वुई विल थिंक" म्हणाल्या आणि फाटकाकडे चालू लागल्या. मुद्दाम सावकाश. हाक ऐकू यावी म्हणून वाळूतही पाय न घासता. निम्म्या वाटेत त्यांनी चप्पल नीट करायचं निमित्त केलं. फाटकाची कडी काढायला उगाच वेळ लावला. मागे वळून बघायचं नाही हा नियम होता, तो शेवटी त्यांनी मोडलाच. फ्राउ लोहमान दारात उभ्या राहून शांतपणे हात हलवत होत्या.

"बोलावेल," गाडीत बसल्यावर सुधाताई म्हणाल्या. "दोन दिवस जाऊ देत."

दोन दिवसांनी मेल आली. शार्दूलने ती मराठीत वाचून दाखवली. घर आपल्या पसंतीस उतरलं नाही हे माझ्या लक्षात आलं, आपण प्रामाणिकपणे बोललात याबद्दल आभार, मी आता दुसऱ्या एका कुटुंबाशी बोलणी सुरू करत आहे, आपल्याला मनासारखं घर मिळो.

"झालं," शार्दूल म्हणाला. "आई, इथे असं नसतं गं. इथे नाही म्हटलं की नाहीच धरतात."

"मी नाही कुठे म्हटलं?"

"मग काय म्हटलंस? एकेक कडी बघून नाक मुरडलंस."

क्षितिजा फक्त "जाऊ दे ना" म्हणाली आणि ओवीच्या कपड्यांच्या घड्या घालू लागली. तिच्या आवाजात राग नव्हता. राग असता तर सुधाताईंनी भांडून तो मोकळा केला असता. नऊ वर्षांत ही मुलगी कधी भांडली नव्हती, कधी काही मागितलंही नव्हतं, आणि तिच्यापुढे नेमकं काय करायचं ते सुधाताईंना कधीच कळलं नव्हतं.

तरी त्यांनी हाकेची आशा सोडली नाही. रोज सकाळी चहा घेताना त्या सहज विचारावं तसं विचारायच्या, "काही मेलबिल?" रोज उत्तर नाही असंच यायचं. असे आठ दिवस गेले. नवव्या दिवशी दोघी स्वयंपाकघरात मेथी निवडत बसल्या असताना सुधाताईंना राहवेना.

"अगं, मला घर आवडलं होतं," त्या म्हणाल्या.

क्षितिजाचा हात थांबला. "काय?"

"पहिल्या नजरेत आवडलं होतं. म्हणून तर नावं ठेवली. आवडलेलं आधीच कळू दिलं तर समोरचा डोक्यावर बसतो."

क्षितिजा हसली, पण ते हसणं काही खरं नव्हतं. "मलाही तुम्ही असंच बघितलं होतं ना, आई."

"म्हणजे?"

"नाशिकला आमच्याकडे आला होतात तेव्हा. मी आत पोहे वाढत होते. तुम्ही बाहेर माझ्या काकूला म्हणालात, मुलगी जरा जास्तच उंच आहे, बोलते फार कमी, आणि स्वयंपाकाचा हात काही दिसत नाही. आल्झो, म्हणजे एकूण तीन. मी मोजलं होतं."

सुधाताईंनी हातातली मेथी खाली ठेवली. "अगं, पण परतीच्या गाडीत मी ह्यांना काय म्हटलं माहितेय? म्हटलं, ही मुलगी हातची जाता कामा नये. पुण्यात पोचेपर्यंत तेच बोलत होते मी. विचार ह्यांना."

"बाबांना म्हणालात तुम्ही ते," क्षितिजा म्हणाली. "मला नाही." आणि ओवीला आणायची वेळ झाली म्हणून हात धुऊन ती निघून गेली.

सुधाताई मेथीसमोर एकट्याच बसून राहिल्या. त्यांना लाज वाटली. त्या वयात माणसाला सहसा लाज वाटत नाही, राग येतो, पण त्यांना खरोखरच लाज वाटली. एका मुलीने नऊ वर्षं तीन वाक्यं मनात जपून ठेवली होती, आणि ती पुसायला चौथं वाक्य आपण कधी उच्चारलं नाही. घराचंही तेच झालं. तिला आयुष्यात एक गोष्ट हवी होती आणि ती आपण आपल्या तोंडाने घालवली.

क्षितिजा परत आली तेव्हा सुधाताई दारातच उभ्या होत्या. "त्या बाईंना लिही. म्हणावं, सासूबाईंना भेटायचंय. एकदाच."

"आई, त्यांनी आता दुसरीकडे दिलं असेल."

"दिलं असेल तर तसं सांगतील. तू लिही."

उत्तर एका तासात आलं. गुरुवारी तीन वाजता कॉफीला या. शार्दूलची त्या दिवशी कारखान्यात मीटिंग होती, म्हणून क्षितिजानेच अर्धी रजा काढली. निघताना सुधाताईंनी लाडवांचा डबा उचलला. "लाच दिल्यासारखं दिसेल, आई," क्षितिजा म्हणाली, तसा त्यांनी तो परत ओट्यावर ठेवला. वाटभर त्या मनातल्या मनात इंग्रजी वाक्यं जुळवत होत्या.

फ्राउ लोहमाननी चौकात टेबल मांडलं होतं. कॉफी ओतून झाल्यावर त्यांनी सरळ मुद्द्याला हात घातला. "तुम्ही म्हणालात स्वयंपाकघर अंधारं आहे. आहेच. गिलावा सुटलाय म्हणालात, तोही सुटलाय. मला राग आला नाही. मला वाटलं, ह्या लोकांना इथे राहायचं नाहीये. मला राहायची इच्छा असलेलं माणूस हवंय. आता तुम्ही पुन्हा आलात. कशासाठी?"

"हाउस इज नाइस," सुधाताई म्हणाल्या. "व्हेरी नाइस. व्हेरी व्हेरी नाइस."

"नाइस सगळेच म्हणतात," फ्राउ लोहमान म्हणाल्या. "ते दुसरं कुटुंबही म्हणालं. मग विचारलं, चौकावर काचेचं छप्पर टाकायला परवानगी कशी काढता येईल."

सुधाताईंनी पुढची वाक्यं आठवून बघितली. जुळवलेलं सगळं इंग्रजी कुठच्या कुठे पळालं होतं. नावं ठेवायला त्यांना इंग्रजी पुरलं होतं. खरं बोलायला पुरेना. त्यांनी कप खाली ठेवला आणि सुनेकडे वळून म्हणाल्या, "मी मराठीत बोलते. तू सांग त्यांना."

आणि त्या बोलल्या.

"मी जन्मात आवडलेल्या वस्तूला चांगलं म्हटलेलं नाही. म्हटलं की ती महाग होते किंवा तिला दृष्ट लागते, असं आमच्या घरात सगळ्याच बायका मानायच्या. त्या दिवशी तुमच्या उंबऱ्यात पाय टाकला आणि मला भीती वाटली, इतकं हे घर आवडलं. पण मी तुमच्याकडे माझ्यासाठी आलेली नाही. माझी सून त्या मागच्या खिडकीत बसली होती. मी तिला नऊ वर्षांत अशी बसलेली पाहिली नव्हती. ती सतत एका पायावर उभी असते. सव्विसाव्या वर्षी ह्या देशात आली, आपली आपण भाषा शिकली. माझ्या मुलाची पहिली नोकरी गेली तेव्हा सात महिने हिने घर चालवलं आणि आम्हाला पुण्यात कळूसुद्धा दिलं नाही. माझं खांद्याचं ऑपरेशन झालं तेव्हा रजा टाकून आली आणि माझी वेणी घालायची, कारण मला हात वर नेता यायचा नाही. मी तिला कधी चांगलं म्हटलं नाही. लोकांना सांगते, सून असावी तर अशी, पण तिच्या तोंडावर कधी नाही. बाई, तिने आमच्याकडे आजवर काही मागितलेलं नाही. हे घरही मागितलं नाही. पण तिला हे हवंय, आणि ते माझ्या जिभेमुळे जातंय. तुमच्या घराला जीव लावील असं माणूस हवं असेल तर ते हे इथे बसलंय."

बोलून त्या थांबल्या. क्षितिजा टेबलाकडे बघत होती. तिने घसा साफ केला आणि जर्मनमध्ये एक वाक्य म्हटलं. जेमतेम पाच-सहा शब्दांचं.

सुधाताईंना जर्मन येत नव्हतं, पण लांबी कळत होती. "एवढंच?"

"मथितार्थ सांगितला, आई."

"मथितार्थ नको. मी इतकं बोलले, ते सगळं सांग."

"मला नाही सांगता येणार."

"का? तुला तर सगळं जर्मन येतं."

"येतं," क्षितिजा हळूच म्हणाली. "पण ते माझ्याबद्दल आहे ना. मी माझ्याच तोंडाने कसं सांगू?"

"माझे शब्द आहेत ते. तुझे नाहीत. तू नुसती सांगणारी."

फ्राउ लोहमाननी दोघींकडे पाळीपाळीने बघितलं, कॉफीत साखर घातली आणि जर्मनमध्ये काहीतरी म्हणाल्या. "त्या म्हणतायत त्यांना घाई नाही," क्षितिजाने सांगितलं. मग तिने एक लांब श्वास घेतला आणि सुरुवात केली.

या वेळी ती सावकाश बोलली. दृष्ट लागण्यापाशी अडली, तेव्हा हातवारे करून समजावलं, आणि म्हातारीने मान डोलावली. मग खिडकीकडे बोट गेलं. मग सात महिने आले असावेत, कारण तिचा आवाज खाली गेला. वेणीपाशी तिचा हात आपोआप स्वतःच्या केसांकडे गेला आणि आवाज फाटला. ती थांबली, पाणी प्यायली, पुन्हा बोलू लागली. डोळे वाहत होते, ते तिने पुसले नाहीत. सुधाताई प्रत्येक वाक्याबरोबर मनात आपलं वाक्य पुढे सरकवत होत्या, आणि एकही गाळलेलं नाही याची त्यांची खात्री पटत गेली.

सगळं संपलं. पण क्षितिजा थांबली नाही. ती बोलतच राहिली, आता जरा भरभर, सासूबाईंकडे न बघता.

"अगं, मी एवढं नव्हते बोलले," सुधाताई म्हणाल्या.

"हे माझं आहे," क्षितिजा म्हणाली. आणखी दोन वाक्यं बोलून ती गप्प झाली.

फ्राउ लोहमाननी आपला कप बाजूला सारला. मग त्या इंग्रजीत, शाळेतल्यासारखं एकेक शब्द सुटा करून बोलल्या. "मी अजून कुठेही सही केलेली नाही. काचेचं छप्पर मला नकोच होतं. उद्या मी त्या लोकांना कळवते आणि खरेदीखतासाठी नोटारची वेळ घेते. किंमत जाहिरातीत लिहिली आहे तीच."

"ओके," सुधाताई म्हणाल्या.

शब्द तोंडातून गेल्यावर त्यांना स्वतःचंच नवल वाटलं. क्षितिजा ओल्या डोळ्यांनी हसली, उठली आणि कप गोळा करू लागली.

"काय बोललीस गं शेवटी?" सुधाताईंनी विचारलं.

"काही नाही. असंच." कप घेऊन ती आत गेली.

सुधाताईंनी फ्राउ लोहमानकडे बघितलं. म्हातारीने तोंडावर बोट ठेवल्यासारखं केलं, मग आतल्या दाराकडे एक नजर टाकली आणि पुढे झुकली.

"ती म्हणाली, मला हे घर फार हवंय. पण तुम्ही नाही दिलंत तरी चालेल. मी जे ऐकायची नऊ वर्षं वाट बघत होते ते आज मला मिळालं, आणि ते मला दोनदा ऐकायला मिळालं. एकदा त्यांच्या तोंडून आणि एकदा माझ्या."

सुधाताई टेबलावर हात रेटून उठल्या आणि त्या अंधाऱ्या स्वयंपाकघरात गेल्या. क्षितिजा नळाखाली एक कप धरून उभी होती. तो केव्हाच धुऊन झाला होता. सुधाताईंनी खुंटीवरचं फडकं घेतलं आणि तिच्या हातातला कप घेऊन पुसायला सुरुवात केली. तीन कप धुऊन पुसायला त्या दोघींना त्या दिवशी बराच वेळ लागला.